लपवलेला रकाना

मी एक्सेल उघडलं ते स्विंडनच्या आमच्या स्वयंपाकघरात.
पाच ओळी, पाच विद्यापीठं,
फॉर्मवर पाचच मावतात म्हणून.
रकाने मीच आखले: फी, खोलीचं भाडं,
नोकरीची टक्केवारी, लायब्ररी कितीपर्यंत उघडी,
आणि वृंदाच्या आग्रहाखातर, जवळ दवाखाना आहे का.
प्रत्येकाला दहापैकी गुण.
मृण्मयीने स्क्रीनकडे न बघता टोस्ट खाल्ला.

मग शनिवारमागून शनिवार.
छातीवर नावाचे स्टिकर. तिचं कुठे मृन, कुठे मायी,
एका ठिकाणी नुसतंच पाहुणी.
लाल टी-शर्टातली मुलं उलटी चालत
आम्हाला इमारती दाखवायची,
आणि मला सारखं वाटायचं, आता हा पायरीवरून पडणार.
पडलं कुणीच नाही.
घरात फुकटची पेनं तेवढी सतरा झाली.
कॉफीच्या रांगेत मी इतर बापांशी
पार्किंगवर बोललो. खूप बोललो.

आमच्या वेळी इस्लामपूरला फळ्यावर यादी लागायची.
काकांनी बोट फिरवलं, थांबवलं,
"मेकॅनिकल" म्हणाले, आणि आम्ही भजी खायला गेलो.
निवडताना कसं वाटतं, असं कुणी विचारलंच
तर मी भज्यांबद्दल सांगू शकेन.
गरम होती.

बँगोरला जाताना वेल्समधला रस्ता तिने चालवला,
पुढेमागे शिकाऊचा लाल एल चिकटवून.
डावीकडे मी. माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता,
वळण आलं की, मेंढ्या दिसल्या की,
मेंढ्या नसतानाही.
"बाबा, कार्पेट फाटेल," ती म्हणाली,
रस्त्यावरची नजर न काढता.

तिथे किनाऱ्याजवळच्या एका शेडमध्ये
ग्विलिम नावाचा, निवृत्तीला आलेला एक माणूस होता.
त्याने समुद्रतळाच्या चिखलाची
उभी चिरलेली नळी तिच्यापुढे ठेवली.
करडा थर, काळा थर, मध्येच शिंपल्याचा चुरा.
"वास घे," म्हणाला.
मला कुजकी अंडी आली. तिला काय आलं, कुणास ठाऊक,
पण ती वाकली ती वाकलीच,
चार वर्षांची असताना मुंग्यांवर वाकायची तशी,
हाक मारली तरी ऐकू न येणारी.
मी हाक मारली नाही.
मोबाइलवर घरापर्यंतचे मैल बघत होतो.
दोनशेच्या वर.

मेमध्ये चार ठिकाणांहून होकार आले.
शीटमध्ये साउदॅम्प्टन पहिलं. दर वेळी साउदॅम्प्टनच पहिलं,
सव्वा तासावरचं.
रविवारी रात्री ती म्हणाली,
"यात एफनंतर एकदम एच कसा?"
मी भांडी विसळत होतो. विसळत राहिलो.
तिने रकाना उघडला.
घरापासूनचं अंतर.
आणि सूत्रात, अगदी शेवटी, गुणिले तीन.

"हा तीन कुठून आला?"
"चुकून आला असेल."
"तीनदा चुकलास होय?"

नळ उगाच वाहत होता. वृंदाने येऊन बंद केला.
मला वाटलं, आता रकाना पुसणार.
तिने तीनच्या जागी एक टाकला.
शून्य नाही, एक.
तरीही साउदॅम्प्टनच वर राहिलं, पाऊण गुणाने.
तिने बेरजेकडे थोडा वेळ बघितलं,
फाइल बंद केली
आणि फॉर्मवर बँगोर निवडलं.
मी विचारलं नाही का. चिखल, म्हणाली असती.

मग म्हणाली, दूध संपलंय, मी चालवते, चल.
दीड मैल.
मी डावीकडे बसलो, पट्टा लावला,
दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले
आणि तसेच ठेवले,
त्या पाच चकरांच्या राउंडअबाउटपर्यंत.